जुग्यो केंक्यू (पाठ-अभ्यास)

शिक्षकांनी एकत्र बसून एकेका पाठाची आखणी, निरीक्षण व चिकित्सा करण्याची जपानी पद्धत. तिचा उगम मेइजी काळातील (१८६८–१९१२) अध्यापक विद्यालयांत व त्यांना जोडलेल्या शाळांत आढळतो. जपानमध्ये ती सर्व विषयांत रूढ आहे. बाहेरच्या जगाला मात्र तिची ओळख मुख्यतः गणितामुळे झाली.

कार्यपद्धती : शाळेतील शिक्षक प्रथम एक दीर्घकालीन उद्दिष्ट ठरवतात, उदा., मुलांनी आपापली रीत शोधून ती वर्गाला पटवून द्यावी. मग एक घटक निवडून पाठ्यपुस्तके, अभ्यासक्रम आणि मुलांच्या नेहमीच्या चुका यांचा कसून अभ्यास होतो. याला ‘क्योझाई केंक्यू’ म्हणतात. पाठाच्या टाचणात प्रश्नाबरोबरच मुले कोणती उत्तरे देतील, याचाही अंदाज लिहिलेला असतो. एक शिक्षक आपल्या वर्गावर पाठ घेतो. इतर जण मुलांच्या वह्यांत काय उमटते ते टिपतात. त्याच दिवशी चर्चा होते आणि शेवटी बाहेरून आलेला जाणकार भाष्य करतो. टाचण सर्वांचे असल्याने दोष निघतो तो पाठाचा, शिकवणाऱ्याचा नव्हे.

गणितातील उदाहरण : पहिलीतील वजाबाकीसाठी आधी १३−९ द्यावे की १२−३, यावर शिक्षक बराच वेळ खल करतात. १३−९ मध्ये दहातून ९ काढून उरलेला १ तीनात मिळवणे मुलांना सोयीचे वाटते. १२−३ मध्ये आधी २ आणि मग दहातून १ काढणे सहज सुचते. म्हणजे आकडे बदलले की मुलांची रीतही बदलते. मुलांच्या वेगवेगळ्या रीती फळ्यावर शेजारीशेजारी मांडून त्यांची तुलना करणे (‘नेरिआगे’) हा अशा पाठाचा गाभा होय.

प्रसार : १९९५च्या ‘टिम्स’ या आंतरराष्ट्रीय पाहणीसोबत जपान, जर्मनी व अमेरिका येथील आठवीच्या २३१ गणित-पाठांचे चित्रीकरण झाले. त्याआधारे जेम्स स्टिगलर व जेम्स हीबर्ट यांनी १९९९ मध्ये ‘द टीचिंग गॅप’ हे पुस्तक लिहिले. त्यात या पद्धतीचा पुरस्कार केलेला होता. त्यानंतर अमेरिकेत तिचा झपाट्याने प्रसार झाला. इंडोनेशिया, सिंगापूर येथेही ती रुजली.

मूल्यमापन : ही पद्धत वेळखाऊ आहे. घाईने उचलली की तिचा नुसता नमुना-पाठ होतो आणि टाळ्यांनंतर काही उरत नाही. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषदा भरतात, त्यामुळे शिक्षकांनी एकत्र येण्याची सोय येथे आहेच. त्या बैठकीतला काही वेळ सूचना-परिपत्रकांऐवजी गणिताच्या एका पाठाला आणि मुलांच्या वह्यांना दिला, तर या पद्धतीची सुरुवात करण्यास वेगळ्या खर्चाची गरज नाही.