चिकित्सेचा तिसरा पाय



घरात दुखणे आले की माणसापुढे दोन वाटा उभ्या राहतात. एक दवाखान्याची, दुसरी देवळाची. कोणी म्हणतो, आता देवच तारील, डॉक्टर काय करणार? कोणी म्हणतो, इंजेक्शन-गोळ्यांच्या काळात देवाचे नाव कशाला? वाचकहो, हे भांडण आपल्या परंपरेतले नव्हे. ग्रंथ उघडा, इतिहास पाहा. वैद्य आणि देव यांच्या मध्ये एक तिसरी जागा दिसेल. ती रिकामी राहिली की रोग्याचे हाल होतात. त्या जागेविषयी आज लिहितो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि खुद्द रोगी. बाजेचा एक पाय मोडला तर वरचा माणूस खाली येतो, तसेच हे. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असे आचार्य म्हणतात. त्याला सेवेचे ज्ञान असावे, हात चपळ असावा, रोग्याविषयी माया असावी आणि तो स्वच्छ असावा. त्याच ग्रंथात उपचाराचे तीन प्रकार आहेत. मंत्र, उपवास, नमस्कार हा दैवव्यपाश्रय. आहार आणि औषध हा युक्तिव्यपाश्रय. आणि मनाला अहितापासून आवरणे हा सत्त्वावजय. म्हणजे देवाचे नाव आचार्यांनी वगळले नाही. पण ग्रंथाचा फार मोठा भाग आहार, औषधी आणि उपचार यांनीच भरला आहे, हेही ध्यानात घ्या.

आता शब्द पाहा. रोग्याच्या सेवेला आपण शुश्रूषा म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ आहे ऐकण्याची इच्छा. नवविधा भक्तीत पहिली भक्ती श्रवण, आणि सेवेचे नाव शुश्रूषा. दोन्ही एकाच धातूतून आली. रात्री दोन वाजता म्हातारा कण्हतो, तेव्हा जो कान देतो तो शुश्रूषा करतो.

आपल्या पंढरीचा पायाच या सेवेवर आहे. पुंडलिक आईबापांची सेवा करीत होता, देव दारात आला. पुंडलिकाने सेवा सोडली नाही, देवाला वीट दिली. देव रागावला नाही, विटेवर उभा राहिला आणि अजून उभा आहे. आमच्या पालमहून गंगाखेड जवळ. ते जनाबाईचे जन्मगाव. तिच्या कथेत देवाने चमत्काराने जाते नाहीसे केले असे कुठे नाही. तो खुंट्याला हात लावून दळू लागला, तिचे केस विंचरू लागला. दळण तिला होतेच, पण ती एकटी राहिली नाही. परिचारकाचे काम याहून वेगळे काय असते?

ही झाली संतांची शिकवण. आता तिची परीक्षा कशी झाली ते पाहू. एकोणिसाव्या शतकात आणि पुढेही पुष्कळ वर्षे पटकीने यात्रांमध्ये फार माणसे नेली. सरकार यात्रेकडे संशयाने पाहू लागले. इकडे गावोगावी मरीआईचा गाडा काढत आणि तो शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढचे गाव तो आपल्या शिवेबाहेर लोटे. रोग मात्र गाड्यावर बसलेला नव्हता, तो पाण्यात होता. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टराला १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. त्यानंतर दहा वर्षांनी, १८९४ साली, हाफकिनने त्याच शहरातील वस्त्यांत पटकीची लस टोचण्यास सुरुवात केली. पुढे वारीला निघताना सुई टोचून घ्यावी लागे, हे माझ्या वयाच्या वारकऱ्यांना आठवत असेल. दंड दुखायचा, कुरकुर व्हायची. पण सुई घेतल्याने कोणाची तुळशीमाळ तुटली नाही. टाळ तसाच वाजला आणि माणसे जिवंत घरी आली.

२०२० साली पुन्हा तीच कसोटी लागली. कोरोनामुळे पायी वारी झाली नाही. १ जुलैला आषाढी एकादशी होती; मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या मंडळींसह एसटीने पंढरपुरी गेल्या. आपण घरी बसून हरिपाठ केला. डोळ्यांत पाणी होते, पण संप्रदायाने हट्ट धरला नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून केलेली वारी पांडुरंगाला कशी रुचेल?

या विषयातला माझ्या मते सर्वांत मोठा दृष्टांत गाडगेबाबांचा. त्यांचे नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगाव. दिवसा हाती खराटा, रात्री कीर्तन. चरकाने सांगितलेली शुचिता या खराट्यातच होती. नवसाला बकरे कापू नका, हे ते समोरच्या श्रोत्यांना प्रश्न विचारून विचारून पटवीत. त्यांच्या दशसूत्रीत आंधळ्या-पांगळ्यांना आणि रोग्यांना औषधोपचार हे एक सूत्र आहे. कीर्तनकाराने धर्म सांगताना औषधाचे नाव घेतले, हे विसरू नका.

मुंबईचे जे. जे. रुग्णालय १८४५ पासूनचे. तिथे वैद्य होते, औषधे होती. खेड्यातून आलेला रोगी खाटेवर पडायचा. त्याच्यासोबत आलेल्या बायकोने, भावाने रात्र कुठे काढायची? खाटेखाली की रस्त्यावर? ज्याला स्वतःला भाकर नाही, झोप नाही, तो सेवा किती दिवस करील? बाबांनी हे ओळखले. १९५४ साली जे. जे.च्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा उभी केली. बाबांनी अंगारा वाटला नाही, डॉक्टरांच्या कामात हात घातला नाही. वैद्याचे काम वैद्याला ठेवले आणि मोडत आलेल्या तिसऱ्या पायाला आधार दिला. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले, काम थांबले नाही. परळच्या टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घेणाऱ्या किती तरी खेड्यातल्या माणसांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आजही ठाऊक आहे.

इथे कोणी आक्षेप घेईल: महाराज, आजार हे प्रारब्ध, ते भोगूनच संपायचे. याचे उत्तर असे. प्रारब्धाचा विचार स्वतःचे दुःख सोसताना धीरासाठी करावा. दुसऱ्याच्या बाजेजवळ उभे राहून त्याचे पाप मोजण्यासाठी तो नाही. कुष्ठरोग्याला याच मापाने आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या गावाबाहेर ठेवले. त्या रोगाचे जंतू नॉर्वेच्या हॅन्सनने १८७३ साली दाखवले. रोग जंतूंचा होता. माणसाला वाळीत टाकण्याचे पाप आपले होते.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा: औषधानेच बरे व्हायचे तर नाम कशाला? अहो, औषध सगळ्यांनाच वाचवीत नाही. डॉक्टर हात टेकतात, तेव्हाही माणूस अजून जिवंत असतो. तो ऐकत असतो, त्याला भीती वाटत असते. त्या वेळी त्याचा हात धरून शांतपणे नाम घेणारा कोणी हवा. औषध संपते तिथेही शुश्रूषा संपत नाही.

म्हणून पालमच्या आणि आसपासच्या माउलींना विनंती. साप चावला तर आधी दवाखाना गाठा. मारुतीरायाचे नाव गाडीत बसून घ्या, तो ऐकतो. साखरेच्या आजाराने औषध घेणाऱ्याने एकादशीच्या उपवासाविषयी डॉक्टरांना विचारावे आणि गोळी मनानेच बंद करू नये. दिंडीत चालणाऱ्याने आपली औषधे पडशीत वर ठेवावीत आणि विणेकऱ्याला किंवा सोबत्याला सांगून ठेवावे. आणि सप्ताहाचा हिशेब करताना मंडळींनी एक विचार करावा. आपल्या गावचा कोणी परभणीला, नांदेडला, आंबेजोगाईला दवाखान्यात पडला असेल. त्याच्याजवळ रात्री कोण बसले आहे? त्याच्या घरच्यांचा डबा कोण नेतो? सप्ताहाच्या पंगतीत हजार पाने उठतात, त्यांत दोन डबे जड नाहीत.

डबा घेऊन गेलात की लगेच परत फिरू नका. घटकाभर बसा, तो काय सांगतो ते ऐका. त्या दिवशीचा हरिपाठ तिथेच, हळू आवाजात, त्याला चालत असेल तर म्हणा.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.