मोड, वाकळ आणि भंगार

भीमा आणि नीरा या दोन नद्यांच्या मध्ये पसरलेला, पश्चिमेस बारामती व पूर्वेस इंदापूर हे दोन जुने कसबे सांभाळणारा आणि पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेला जो उघडा, माळरानाचा मुलूख आहे, त्याच्या इतिहासात ठळक गोष्टींची वाण नाही. इंदापूरच्या लढाईत मालोजीराजे भोसले पडले. पुणे, सुपे व इंदापूर हे परगणे शहाजीराजांच्या जहागिरीत होते. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने कऱ्हेकाठी राहून मोरोपंतांनी (१७२९–१७९४) आपली विपुल काव्यरचना केली. आणि १८७५ च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध जो दंगा उसळला त्याचे लोण दख्खनभर पसरले. या सर्व घटनांना दप्तरात आणि ग्रंथांत जागा मिळाली. परंतु याच मुलखातील कुणबी, कारागीर आणि कसब्यातील पांढरपेशे आपल्या घरातल्या झिजलेल्या, फुटलेल्या, फाटलेल्या वस्तूंचे काय करीत, आणि कोणाच्याही उपयोगाची नाही असे आज आपण समजतो ती वस्तू कोणाच्या हाती, कोणत्या मोबदल्यात जाई, ही हकीकत त्या दप्तरांच्या समासातच राहिली. ती सांगण्याजोगी आहे, अशी माझी दृढ समजूत आहे.

दारिद्र्यामुळे लोक काही टाकीत नसत, असे उत्तर सहज दिले जाते आणि त्यात तथ्यही आहे. जिरायत जमिनीवर बाजरी-ज्वारीचे एखादे पीक घेऊन वर्ष काढणाऱ्या रयतेस काही टाकून देणे परवडणारे नव्हतेच. पण हे उत्तर अपुरे आहे. ज्यांच्या माजघरात तांब्यापितळेची उतरंड डोळ्यांत भरे अशी सावकारांची आणि देशमुखांची घरेही जुने भांडे उकिरड्यावर फेकीत नसत. याचे कारण असे की प्रत्येक जीर्ण वस्तूस तिचा एक ठरलेला धनी होता, तो ठराविक ऋतूत दाराशी येई, आणि त्या वस्तूचे जे काही मोल उरले असेल ते उंबरठ्यावर, घरच्या बाईच्या देखत ठरे.

धातूंचेच पाहा. लग्नात लेकीला दिलेली घागर, हंडा, परात ही ज्यावर नाव कोरलेले आहे अशी एक प्रकारची ठेव असे. पंचवीस-तीस वर्षांच्या घासण्याने बूड झिरपू लागले की कासार डाग लावी. डागही धरेनासा झाला की भांडे मोडीत जाई. तांबट किंवा कासार मोड तोलून घेई, आटणीतली तूट वजा करी, आणि नव्या भांड्याच्या वजनातील फरकाचे पैसे व वर मजुरी घेऊन व्यवहार पुरा करी. म्हणजे भांड्याचा आकार बदले, मालकी बदलत नसे. आजीच्या घागरीचे तांबे नातसुनेच्या तपेल्यात उतरे. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबटांच्या घणाखाली जिल्ह्यातल्या कितीतरी गावांची मोड अशी पुनर्जन्म पावत होती. जी. आय. पी. रेल्वे १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून भिगवणाजवळच्या दिकसळपर्यंत, म्हणजे इंदापूर तालुक्याच्या हद्दीत येऊन थांबली, आणि मग मुंबई बंदरात उतरणारा विलायती पत्रा या भागास जवळ झाला. तरीही मोडीचा व्यवहार संपला नाही. उलट नव्या पत्र्याच्या भांड्यासाठी जुनी मोड देण्याची रीत अधिकच पक्की झाली.

भांडे मोडीपर्यंत पोहोचू नये म्हणून जो मध्येच येई तो कल्हईवाला. अंगणाच्या कडेला हातभर खड्डा, त्यात कोळसे, जमिनीत पुरलेली भात्याची नळी, आणि शेजारी पाण्याची बादली एवढेच त्याचे दुकान. भांडे राखेने आणि चिंचेने स्वच्छ घासून तो निखाऱ्यावर धरी. ते तापून रंग पालटू लागले की नवसागराची चिमूट आत टाकी, तिचा पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे, तोच कथलाची कांडी आतून फिरवून कापसाच्या बोळ्याने तो वितळलेला थर कडेपर्यंत पसरवी, आणि भांडे पाण्यात बुडवताच चर्र आवाज होऊन आतून रुप्यासारखी झळाळी येई. या कथलाच्या पातळ थरावर घरातल्यांचे आरोग्य अवलंबून असे, कारण कल्हई उडालेल्या पितळेत ताक किंवा आमटी कळकते हे प्रत्येक बाईला ठाऊक होते. एका हंड्याचे आयुष्य वर्षानुवर्षे लांबवणारा हा कसबी फिरस्ता आर्थिक इतिहासाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाही, याचे मला वैषम्य वाटते.

वस्त्रांची कथा याहून दीर्घ आहे. नऊवारी लुगडे विरले, धोतराला ठिगळे लावण्यास जागा उरली नाही, की त्यांची गाठोडी माळ्यावर जाऊन पडत. चैत्र-वैशाखात, शेतातली कामे उरकल्यावर आणि पाऊस येण्याआधी, ती खाली निघत. सारवलेल्या जमिनीवर एखादे धड लुगडे अस्तरासाठी अंथरायचे, त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे, वर तुकड्यांचे थर एकमेकांच्या भोकांवर येतील असे बेतायचे, आणि मग दोघी-तिघींनी कडेकडेने बसून धावदोरा घालीत घालीत मध्याकडे सरकायचे. दोराही पुष्कळदा जुन्या काठांतूनच उसवलेला असे. जी बाई हे काम चांगले जाणते तिचे टाके बोटभर अंतराने समांतर पडत, आणि दुसऱ्या बाजूने पाहिले तरी उलट-सुलट ओळखू येत नसे. ही झाली वाकळ किंवा गोधडी. तिचा प्रवास इथे संपत नसे, आणि माझ्या मते साऱ्या व्यवस्थेचे मर्म या पुढच्या प्रवासात आहे. विटलेल्या वाकळेतून धड भाग काढून तान्ह्याचे दुपटे होई. दुपट्याचे पायपुसणे होई. पायपुसण्याचे शेण-सारवणाचे पोतेरे होई. आणि एखादी मऊ सुती चिंधी दिव्याची वात किंवा काकडा होऊन तेलात जळे. या क्रमात कोणतीही पायरी अप्रतिष्ठेची मानली जात नसे.

घराने वापरून उरलेली चिंधी गावाबाहेरही जाई, आणि तिला एक विलक्षण वाट मिळे. जुन्नर येथे आणि पुण्याच्या कागदीपुऱ्यात कागदी लोकांचे जे कारखाने होते, त्यांचा कच्चा माल म्हणजे चिंध्या, जुनी तागाची पोती आणि कुजत आलेले दोरखंड. ते तोडून चुन्यात व पापडखारात भिजवीत, पायाने चालणाऱ्या उखळात कुटीत, नदीवर धूत, आणि झालेला लगदा हौदात कालवून बारीक काड्यांच्या चाळणीवर एकेक ताव उचलीत. मग तो भिंतीवर वाळवून, खळ लावून, गुळगुळीत दगडाने घोटीत. यांत्रिक कागद येण्यापूर्वी बारामतीस मोरोपंतांच्या लेखणीखाली जो कागद येत असे तो अशाच कोणत्या तरी हातांनी घडवलेला असणार. कोणा अज्ञात कुणबिणीचे लुगडे आणि कोणा हमालाचे पोते यांच्यावर आर्या लिहिली गेली असेल, ही कल्पना मला मोठी हृद्य वाटते. आणि याच मुलखातील रयत, जिने चिंधीसुद्धा वात म्हणून कामी आणल्याशिवाय जाळली नाही, तिने १२ मे १८७५ रोजी आणि त्यानंतरच्या दिवसांत सावकारांचे कर्जरोखे हिसकावून ते जाळले, यावरून त्या कागदांनी तिचे आयुष्य किती जाचले असेल याची कल्पना यावी.

लोखंडाचा वारसदार घिसाडी. तळ देऊन राहणारे हे कुटुंब गाढवांवर ऐरण-भाता लादून येई, गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकी, आणि झिजलेला फाळ, मोडकी कुऱ्हाड, बैलगाडीच्या चाकाची तुटकी धाव गोळा होई. पुरुष सांडशीने लोखंड धरून फिरवी आणि घण बायको मारी. कित्येकदा पाठीशी झोळीत मूल असताना मारी. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात, १८८५ च्या सुमारास, या माळांवर खेळू लागले, भाटघरचे धरण १८९२ मध्ये पुरे झाले, आणि बागायतीबरोबर ऊस आला; पुढे १९३० नंतर इंदापूर तालुक्यात वालचंदनगर उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखान्यांचे धुराडे दिसू लागले. त्याबरोबर घिसाड्याच्या कामाचेही रूप पालटले. मालमोटारीचा निकामी पाटा तापवून, ठोकून, त्याला पाणी देऊन जो कोयता तयार होई तो ऊसतोडणी मजुराच्या हाती जाई. बीड-नगरकडून हंगामात येणाऱ्या टोळ्यांच्या हातातला कोयता आणि एखाद्या मोडीत निघालेल्या मालमोटारीचा सांगाडा यांचा संबंध असा जवळचा आहे.

१९१४ साली दौंड-बारामती छोटी रेल्वे सुरू झाली आणि रॉकेलचे पत्र्याचे डबे खेडोपाडी पोहोचू लागले. रिकाम्या डब्याला वर आडवी दांडी ठोकली की पाण्याची बादली. झाकण बसवले की धान्याचा डबा. उलगडला की छपराचा पत्रा. उरलेल्या तुकड्याची चिमणी. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची इतकी टंचाई झाली की सरकारला १९४३ मध्ये मध्यभागी भोक असलेला पैसा काढावा लागला, आणि लोकांनी तोही खिळ्याखालची चकती म्हणून वापरला.

येथवरचे वर्णन वाचून कोणास त्या काळाचा हेवा वाटला तर त्याने थोडे थांबावे. कारण या व्यवस्थेचा सर्वांत जड भाग ज्यांच्या खांद्यावर होता, त्यांनी तो स्वेच्छेने उचललेला नव्हता. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेणे महारांच्या माथी मारलेले होते. कातडे कमावणे ढोरांकडे, मोट व वहाणा चांभारांकडे, दोर वळणे मांगांकडे. मोट निकामी झाली की तिच्या चामड्याचे वहाणांचे तळवे निघत, यात कौशल्य होते हे खरे. पण त्या कौशल्याचा मोबदला खळ्यावरच्या मूठभर बलुत्यात आणि अस्पृश्यतेत मिळत होता. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहून या गाड्याची चाके उघडी करून दाखवली, डॉ. आंबेडकरांनी १९२७ मध्ये महाडला मृत जनावरे ओढण्याचे काम सोडण्याचा उपदेश केला. आणि १९५८ च्या कायद्याने हलकी मानली गेलेली गावकीची वतने रद्द झाली. हे व्हायलाच हवे होते. जो टाकाऊ वस्तू उचलतो तोच टाकाऊ ठरतो, हा आपल्या समाजाचा जुना अपराध आहे, आणि पुनर्वापराचे गोडवे गाताना त्यावर पांघरूण घालणे मला अक्षम्य वाटते. चिंध्यांचा अंगरखा घालून, डोक्यावर फुटके गाडगे ठेवून, हाती झाडू घेऊन ज्या गाडगेबाबांनी गावोगावचे रस्ते झाडले, ज्यांना लोक गोधडेबुवाही म्हणत, त्यांना हा अपराध पुरता कळला होता.

साठ-सत्तरीत स्टीलची भांडी आली आणि कल्हईवाल्याच्या फेऱ्या विरळ झाल्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण मात्र दुपारच्या वेळी दारोदार येऊ लागली. धोतरजोडी आणि विटलेली पातळे पारखून, बाह्या ताणून, भोके मोजून ती एखादा डबा किंवा पातेले पुढे करी, आणि तासभर घासाघीस चाले. पुढे तिच्या पाटीत प्लॅस्टिकचे टब आणि बादल्या दिसू लागल्या. या बादल्या फुटल्यावर डाग लावणारा कोणी नव्हता. तेथे साखळी प्रथम तुटली.

१९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातील आणि दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातील भूमिहीन कुटुंबांना शहराकडे लोटले, आणि त्यांतील पुष्कळ दलित स्त्रिया पुण्यात कचरा वेचून पोट भरू लागल्या. या स्त्रियांनी १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन केली. महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे मिळवली, आणि २००८ मध्ये त्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने घरोघर जाऊन कचरा घेण्याचा करार केला. घरे त्यांना दरमहा ठराविक शुल्क देतात, आणि विकाऊ माल त्यांच्या मालकीचा होतो. जुने फर्निचर, गाद्या, विजेची उपकरणे अशा, एरवी कोणी न घेणाऱ्या वस्तूंसाठी ही संस्था सोसायट्यांमधून वेगळे संकलनही करते. बलुत्याशी या व्यवहाराचे साम्य आहे. पण येथे घेणारी बाई संघटनेची सभासद आहे, तिचा दर ठरलेला आहे, आणि तिच्या मुलीने हेच काम करावे अशी कोणाची सक्ती नाही. या पट्ट्याच्या जुन्या हकीकतीत जे चांगले होते ते राखून जे अन्याय्य होते ते टाकण्याचा इतका समर्थ प्रयत्न महाराष्ट्रात दुसरा झाल्याचे मला दिसत नाही.

बारामतीच्या आणि इंदापूरच्या गल्ल्यांतून आज घंटागाडी फिरते. भंगारवाला लोखंड, तांबे, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या तोलून घेतो, आणि राज्यात २०१८ पासून व देशात १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. तरीही खाऊची चकचकीत पाकिटे, दातवणाच्या पेस्टच्या नळ्या, औषधांची वेष्टने, तान्ह्यांचे लंगोट आणि संपलेले घड्याळाचे सेल यांना तोलणारा तराजू अद्याप कोणाकडे नाही. तो आणायचा तर त्या वस्तू बनवणाऱ्यांकडून त्यांच्या विल्हेवाटीचे पैसे घ्यावे लागतील, आणि ते दारोदार फिरणाऱ्या त्या बाईच्या हातात पडावे लागतील.