टाकी, कुरुंद आणि हिरा : काळा दगड गुळगुळीत होण्याचा इतिहास (दीर्घ धागा)

१/ ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण आपण सारेच ऐकत आलो आहोत. परंतु टाकीने दगडाला आकार येतो, गुळगुळीतपणा येत नाही. घाव घालून झाल्यावर कोणीतरी तो दगड दिवसेंदिवस घासत बसलेले असते. म्हणीने त्या माणसाला वगळले आणि इतिहासाच्या पुस्तकांनीही बहुधा तेच केले. हा धागा त्या घासण्याविषयी आहे.

२/ सुरुवात नाशिक–पेठ रस्त्यापासून करू. नाशिक सोडून पेठकडे निघाले की थोड्याच अंतरावर रामशेजचा किल्ला दिसतो. छत्रपती संभाजी महाराजांच्या काळात मोगल फौजांना वर्षानुवर्षे झुंजवणारा गड म्हणून तो तुम्हांला ठाऊक असेल. त्याची दुसरी ओळख अशी की अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार रंगराव ओढेकरांनी नाशकात बांधवलेल्या काळाराम मंदिराचा दगड रामशेजच्या खाणीतून आणला गेला.

३/ हा दगड म्हणजे बेसाल्ट, आपला काळा पाषाण. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांतून तो बनला. १८१२ मध्ये फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने काठिण्याची एक ते दहा अशी मोजपट्टी मांडली. तिच्यावर बेसाल्टमधील मुख्य खनिजे पाच ते साडेसहाच्या दरम्यान बसतात. पाणी दिलेल्या पोलादाची धारही साधारण याच पट्ट्यात येते. म्हणून टाकी या दगडाला सहजासहजी कापत नाही. हातोड्याच्या आघाताने ती कपची उडवते, आणि प्रत्येक कपचीमागे एक खळगा राहतो.

४/ ते खळगे घालवायचे तर दगडाहून कठीण काहीतरी हवे. नदीच्या वाळूतील स्फटिकाचे आणि गारगोटीचे कण सातच्या आसपास असतात. फरक थोडासाच, पण तेवढा पुरतो. दगडावर वाळू टाकायची, पाणी शिंपडायचे आणि दुसऱ्या दगडाने घासत राहायचे. जाड वाळू, मग बारीक, मग त्याहून बारीक. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीचे ओरखडे काढायचे. यात पाणी आहे हे ध्यानात ठेवा. ते उष्णता शोषते, घासलेला चिखल वाहून नेते आणि धूळ उडू देत नाही. या तिसऱ्या कामाची किंमत फार उशिरा कळणार होती.

५/ एक अवांतर गोष्ट. प्रत्येक दगड गुळगुळीत हवा असतो असे मुळीच नाही. पेठ तालुका नागलीचा. तिथल्या घरांत नागली ज्या जात्यावर दळली जाई, त्याची पेड वापराने गुळगुळीत झाली की पीठच पडत नसे. मग जात्याला टाकी लावून ते पुन्हा खरखरीत करावे लागे. हे काम करीत गावोगाव फिरणाऱ्या समाजाचे नावच टकारी पडले. मंदिरातला काळा दगड झिजून चकाकला की आपण हात जोडतो, आणि घरातला चकाकला की टकाऱ्याची वाट पाहतो!

६/ आता थोडे मागे जाऊ. बिहारमधील बराबर टेकड्यांत, इ.स.पू. तिसऱ्या शतकात, अशोकाच्या काळी आजीवकांसाठी कोरलेल्या गुहांच्या भिंती आजही आरशासारख्या चमकतात. तो दगड ग्रॅनाइटच्या जातीचा, म्हणजे बेसाल्टहून घासायला अवघड. आपल्या पांडवलेण्यांत मात्र भिंतींवर टाकीच्या खुणा दिसतात. अजिंठ्यात भिंती घासून चकचकीत करण्याऐवजी त्यांवर मातीचा गिलावा चढवला आणि त्यावर चित्रे रंगवली. खडबडीत पृष्ठभागावर गिलावा अधिक घट्ट धरतो. अजिंठ्याचे अर्धवट राहिलेले चोविसावे लेणे पाहिलेत तर कोरीवकामाच्या पायऱ्या जवळून कळतात.

७/ बेसाल्टमध्ये आणखी एक अडचण असते. लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, आणि पुढे त्या पोकळ्यांत झिओलाइटसारखी मऊ खनिजे भरली. पांडवलेण्यांच्या डोंगराजवळच्या खाणी अशा स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना परिचित आहेत. संग्राहकाला जे रत्न वाटते, तेच घासणाऱ्याला मध्येच येणारे भोक. म्हणून मूर्तीसाठी पाथरवट दगड निवडीत, तो बिनपोकळीचा आणि घट्ट पोताचा.

८/ वाळूच्या पुढची पायरी म्हणजे कुरुंद. मोसच्या पट्टीवर नऊ, त्याच्या वर फक्त हिरा. संस्कृतात कुरुविंद, तमिळमध्ये कुरुंदम. इंग्रजांनी हाच शब्द उचलून कोरंडम केला. चार्ल्स ग्रेव्हिल यांनी १७९८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे या आशियाई दगडावर निबंध मांडला आणि युरोपच्या खनिजशास्त्रात त्याचे स्थान पक्के झाले. वस्तू आपली, शब्द आपला, आणि आज आपणच तो इंग्रजीतून शिकतो.

९/ पण खरे कौशल्य कुरुंद सापडण्यात नव्हते, तो बांधण्यात होते. आपल्या कारागिरांनी कुरुंदाची पूड वितळलेल्या लाखेत मळून तिची चाके केली. हीच साण. मणिकार कमठ्याच्या दोरीने ती फिरवीत आणि अकीक तिच्यावर धरीत. लाख हळूहळू झिजते, बोथट कण गळून पडतात आणि मागचे धारदार कण उघडे होतात. कठीण कण आणि झिजणारे बंधन ही जोडी नीट लक्षात ठेवा. आज दुकानात मिळणारे प्रत्येक घासचाक याच तत्त्वावर चालते.

१०/ १८९१. अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचिसन माती आणि कोळसा विजेच्या भट्टीत तापवीत होता. हाती आले निळसर-काळे, अतिशय कठीण स्फटिक. हे कार्बन आणि कोरंडमचे संयुग असावे असा त्याचा समज झाला, म्हणून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. प्रत्यक्षात ते सिलिकॉन कार्बाइड होते. समज चुकीचा ठरला तरी नाव टिकले, आणि त्या नावात आपला कुरुंद अजून बसलेला आहे.

११/ मराठी घरात कार्बोरंडम आले ते मोझेकच्या फरशीबरोबर. ज्यांच्या आजोबांनी चाळीत किंवा नव्या सोसायटीत घर घेतले, त्यांना विचारा. फरशी बसली की पॉलिशचे जड यंत्र येई, त्याच्या तळाशी कार्बोरंडमचे दगड. घरभर पाणी सोडले जाई आणि राखाडी राड बादल्यांनी उपसली जाई. शेजारी वैतागत, पण कोणाच्या नाकात धूळ जात नसे. वाळूच्या जमान्यातले पाणी इथपर्यंत सोबत होते.

१२/ मग येते १९५४. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या. जर्मनीत अ‍ॅकरमान उंड श्मिट या कंपनीने वेगवान अँगल ग्राइंडर काढला. मद्रासमध्ये कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी स्थापन झाली. आणि १६ डिसेंबरला अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी सुमारे एक लाख वातावरणांच्या दाबाखाली कृत्रिम हिरा बनवला. स्वीडनच्या असिया कंपनीला हे १९५३ मध्येच साधले होते, परंतु तिने ते जाहीर केले नव्हते. काही वर्षांतच कारखान्यांत हिऱ्याची पूड तयार होऊ लागली. ज्या देशाने जगाला हजारो वर्षे हिरे पुरवले, त्या देशातल्या सामान्य मजुराच्या हाती हिरा आला तो असा.

१३/ त्या हिऱ्याचे आजचे रूप म्हणजे कप व्हील. पोलादी वाटी, तिच्या कडेवर धातूच्या भुकटीत रुतवून भाजलेले हिऱ्याचे कण. काँक्रीटचा उंचवटा उतरवणे, जुना रंग खरवडणे, दगडाची कड सारखी करणे ही तिची कामे. लाखेच्या जागी धातू आला, एवढाच साणेपासूनचा फरक. दगड कठीण असेल तर बंधन मऊ लागते, नाहीतर हिरे बोथट होतात आणि नवे उघडे पडत नाहीत. काँक्रीटमधील वाळू बंधनाला भराभर खाते, म्हणून तिथे बंधन कठीण हवे. उलटे वाटते खरे, पण लाख आठवली की कोडे सुटते.

१४/ मंद झालेली वाटी फेकून देण्याआधी जाणता कारागीर ती क्षणभर मऊ, वाळूमिश्रित विटेवर फिरवतो. बंधन थोडे झिजते, हिरे पुन्हा बाहेर येतात. काम करताना वाटी सपाट ठेवायची, दाब हलका आणि हात सतत फिरता. एका जागी थांबलात की तिथे चंद्रकोरीसारखा खड्डा पडलाच.

१५/ आता वेग पाहा. शंभर मिलीमीटरची वाटी मिनिटाला ११,००० फेरे घेते, तेव्हा तिची कड ताशी सुमारे २०० किलोमीटर वेगाने धावत असते. जे घासायला दिवस लागत, ते मिनिटांत उरकते. पण हातात धरलेल्या, घरगुती विजेवर चालणाऱ्या यंत्रावर पाणी ओतता येत नाही. विजेचा धक्का बसेल. म्हणून पाणी गेले. घासण्याच्या या दीर्घ इतिहासातला सर्वांत मोठा बदल माझ्या मते हिरा नव्हे, तो हा कोरडेपणा.

१६/ पाण्याबरोबर जाणारा चिखल आता धूळ होऊन हवेत तरंगतो. त्यातले घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. शुद्ध बेसाल्टमध्ये मुक्त सिलिका फारच थोडी असते, ही आपल्या काळ्या दगडाची कृपा. ग्रॅनाइटमध्ये मात्र ती पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक असते, आणि नदीची वाळू घातलेल्या काँक्रीटमध्येही भरपूर. ते कण फुप्फुसात रुतून तिथे व्रण पाडतात. त्या रोगाचे नाव सिलिकोसिस. तो बरा करणारे औषध आजही नाही. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणाऱ्या स्फटिकी सिलिकाला कर्करोगकारक म्हणूनही नोंदवले.

१७/ हे भाकीत नव्हे, घडून गेलेली गोष्ट आहे. लाखेची साण फिरवणाऱ्या खंबायतच्या अकीक-कारागिरांकडे विजेचे चाक आले आणि घराघरांत कोरडी घासाई सुरू झाली. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. त्या कारागिरांतील सिलिकोसिसचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. घासणाऱ्यांबरोबर त्याच घरांत राहणारी माणसेही त्या धुळीत श्वास घेत होती.

१८/ भात आणि नागलीचा हंगाम आटोपला की पेठ-सुरगाण्याकडचे मजूर रामशेजच्या पायथ्यावरून नाशकाकडे येतात. कोणी द्राक्षबागांत, कोणी बांधकामांवर. कारखाने अधिनियम, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिसची नोंद होती. पण अर्धवट बांधलेल्या खोलीत दोघे जण ग्राइंडर चालवतात, ती जागा कारखाना ठरत नाही. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल असतो, आणि रुमालातून हे कण आरपार जातात.

१९/ उपाय अगदी साधे आहेत. वाटीभोवती बसणारे झाकण आणि त्याला जोडलेला धूळ ओढणारा व्हॅक्यूम, चेहऱ्याला घट्ट बसणारा गाळणीचा मुखवटा, आणि जिथे यंत्र परवानगी देते तिथे पाणी. हवेवर चालणारे ग्राइंडर मिळतात; त्यांना विजेची भीती नसते, म्हणून त्यांतून पाणी थेट वाटीच्या मध्यातून सोडता येते. ग्रॅनाइटचे ओटे घासणाऱ्या काही कार्यशाळांत ते वापरलेही जातात. तिथली जमीन ओली असते आणि भिंतीपाशी राखाडी राड साचलेली दिसते, मोझेकच्या दिवसांत दिसे तशी.

(रामशेजच्या वेढ्यावर स्वतंत्र धागा लवकरच.)