लोकल बंद होती तेव्हा

आमच्या केळव्यात शीतलादेवीचं देऊळ आहे, म्हणजे साथी गावाला नव्या नाहीत. पण २३ मार्च २०२० पासून लोकल बंद झाल्या, तेव्हा कॅन्सरच्या पेशंटांनी कोरोनापेक्षा त्याचीच धास्ती जास्त घेतली. परळचं टाटा हॉस्पिटल १९४१ पासून गोरगरिबांचा आधार, आणि तिथे जायची स्वस्त वाट म्हणजे केळवे रोडहून लोकल. हॉस्पिटल चालू होतं हो, पोचायचं कसं?

ज्याच्या दारात गाडी, तो ई-पास काढून केमो घेऊन आला. भीती त्यालाही होती, पण ती आजाराची. पानवेलीच्या वाडीत मजुरीला जाणाऱ्या किंवा बोईसरला कंत्राटावर असणाऱ्या घरात भीतीला हिशेब चिकटलेला: रोज बुडाला, भाड्याची गाडी परवडत नाही, तारीख तर चुकली. अशा घरातली बाई "मला बरं वाटतंय" म्हणते ना, ते खर्च वाचवायला. (डॉक्टर ह्याला मानसिक ताण म्हणतात. आमच्याकडे 'फार विचार करते' एवढंच!)

देशातल्या ४१ कॅन्सर केंद्रांची आकडेवारी २०२१ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आली. मार्च ते मे २०१९ मध्ये नवे पेशंट १,१२,२७०. २०२० च्या त्याच तीन महिन्यांत ५१,७६०. साठ हजार माणसं कमी... आजार काही कमी झाला नव्हता.

जूनमध्ये लोकल सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी. कॅन्सरच्या पेशंटांना मुभा मिळाली सप्टेंबरात. केमोच्या दोन फेऱ्यांत बहुतेकदा तीन आठवड्यांचं अंतर असतं. मोजून बघा.