लग्न, भानगड आणि माजघर

मराठी विनोदाने स्त्री-पुरुष संबंधांकडे दीर्घकाळ लग्नाच्या दारातूनच पाहिले. चिं. वि. जोशी (1892-1963) यांच्या लेखणीतून उतरलेला, मास्टर विनायक यांचा 1940 मधील ‘लग्न पाहावं करून’ हा चित्रपट याचे ठळक उदाहरण. शीर्षकातील म्हणीचा कर्ता आहे लग्न जमवणारा. ज्यांचे लग्न व्हायचे ते दोघे तीत कुठेच नाहीत. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी चिमणराव-गुंड्याभाऊ घरोघरी पोचवले. पण विनोदाचे घर तेच, कुटुंबाचे, राहिले.

या पार्श्वभूमीवर बीबीसीवरील ‘कपलिंग’ (2000-2004) ही मालिका तपासण्याजोगी आहे. स्टीव्हन मोफट यांच्या या लेखनात सहा मित्रमैत्रिणी मद्यगृहात भेटतात. वडीलधारे जवळजवळ नाहीतच. एका भागात तरुणाला समोरच्या तरुणीची हिब्रू भाषा कळत नाही आणि तोच प्रसंग पुन्हा तिच्या बाजूने दाखवला जातो. प्रत्येकाजवळ आपापली भाषा आहे आणि विनोद भाषांतराच्या फसगतीतून जन्मतो.

मराठीत अशी सहाजणांची मालिका आली ती 2015 मध्ये : झी मराठीवरील ‘दिल दोस्ती दुनियादारी’. तिला परदेशी मालिकांची नक्कल म्हणणे सोपे आहे. परंतु त्यांच्या मुंबईतील घराचे नाव ‘माजघर’ आहे, हे विसरता येत नाही. जुन्या वाड्यात ओसरी परक्यांची, माजघर घरच्यांचे. येथे परकेच माजघरात राहू लागले. शिवाय त्यांतील रेश्मा येते ती विवाहिता म्हणून, नवऱ्याचे दुसरे नाते उघड झाल्यावर. म्हणजे मैत्रीच्या या घरातही लग्न आधी शिरलेच; मात्र आता ते आसरा देत नाही, मैत्री देते.

हा बदल पडद्यावर झाला. भाषेत झाला आहे काय? स्थळ, पाहणे, पसंती हे शब्द लग्नाचे. लफडे, भानगड, प्रकरण हे बदनामीचे. एकमेकांना समजून घेण्यासाठी भेटणाऱ्या दोघांकरिता या दोहोंमध्ये रुळलेला मराठी शब्द नाही, म्हणून ‘डेटिंग’ उसने घ्यावे लागते. रावेरच्या बसस्थानकावर बोलत उभ्या असलेल्या मुलामुलीकडे पाहणाराही याच दोन राशींतून शब्द उचलतो आणि पुष्कळदा त्या एका शब्दावर मुलीचे शिक्षण थांबते. साहित्याच्या अभ्यासकांनी या रिकाम्या जागेची नोंद घ्यायला हवी.