अक्षरांची उलटापालट आणि जुगाराचा कायदा

वर्तमानपत्रातलं 'अक्षरं जुळवा' सोडवणारे दोन प्रकारचे असतात. काहीजण पेन काढून समासात अक्षरं मांडतात, काहीजण नुसते बघत बसतात. शाळेसाठी कल्याणहून ठाण्याला जाताना लोकलच्या डब्यात मला दोन्ही भेटतात. मी स्वतः बघत बसणाऱ्यांतली. डोंबिवलीला गर्दी चढली की हात हलवायलाही जागा उरत नाही, पण डोक्यात अक्षरं फिरवायला जागा लागत नाही. गंमत अशी की शब्द हळूहळू सापडत नाही. बराच वेळ दिसत नाही, आणि मग एकदम दिसतो. इतका वेळ तो कसा दिसला नाही, याचंच मग नवल वाटतं.

या निरुपद्रवी खेळाचा इतिहास मात्र थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचतो. 'हा खेळ डोक्याचा की नशिबाचा?' हा प्रश्न तिथे विचारला गेला, आणि त्याची सुरुवात आपल्याच जुन्या मुंबई राज्यात झाली. आपला ठाणे जिल्हा तेव्हा त्याच राज्यात होता.

आडव्या-उभ्या चौकटींचं पहिलं शब्दकोडं आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या वर्तमानपत्रात छापलं. उलटसुलट अक्षरांचं 'जंबल' त्याच अमेरिकेत १९५४ मध्ये मार्टिन नेडेल यांनी सुरू केलं. त्याचं पहिलं नाव 'स्क्रॅम्बल' होतं. आपल्याकडे शब्दकोडी आली तेव्हा त्यांच्या पाठोपाठ रोख बक्षिसंही आली. कोड्याचं कूपन भरायचं, सोबत प्रवेश फी पाठवायची आणि निकालाची वाट बघायची. उर्दू वाचणाऱ्या घरांत दिल्लीच्या 'शमा' मासिकातला मुअम्मा असाच प्रसिद्ध होता.

'मुअम्मा' हा मूळचा अरबी शब्द. त्याचं मूळ अंधत्वाच्या अर्थाच्या धातूत आहे. डोळ्यांसमोर असून दिसत नाही, ते मुअम्मा. शब्दकोड्याची इतकी नेमकी व्याख्या दुसरी नसेल.

तर, मुंबई सरकारने १९४८ मध्ये सोडती आणि बक्षीस स्पर्धांवर नियंत्रण ठेवणारा व कर लावणारा कायदा केला. राज्याबाहेर छापलेली वर्तमानपत्रं त्यातून सुटत होती, म्हणून १९५२ मध्ये दुरुस्ती करून त्यांनाही आत घेतलं. बंगळुरूहून निघणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या साप्ताहिकातून आर. एम. डी. चमारबागवाला यांची कंपनी बक्षिसाची शब्दकोडी चालवत असे, आणि मुंबई राज्यातूनही लोक त्यात भाग घेत. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिथे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्या खंडपीठापर्यंत कंपनीचीच सरशी झाली. पण ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

निकालातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते कोड्याच्या रचनेचं विश्लेषण. एका सूत्राला दोन शब्द बसत. त्यातला अधिक समर्पक शब्दच बरोबर धरला जाईल, असं बंधन स्पर्धेच्या समितीवर नव्हतं. कमी समर्पक शब्दही ती 'बरोबर' ठरवू शकत होती. मग सोडवणाऱ्याने भाषा कितीही घोटून पाजलेली असो, शेवटी त्याला समितीच्या मनातलं ओळखायचं होतं. न्यायालयाने म्हटलं, हा जुगार आहे, आणि जुगाराला व्यापाराचं संरक्षण मिळत नाही. मुख्य न्यायमूर्ती सुधीरंजन दास यांनी ऋग्वेद आणि महाभारतातल्या जुगाराच्या निंदेचा आधार घेतला. कुरआनात दारूबरोबर ज्याला मनाई आहे त्या जुगाराला 'मैसिर' म्हणतात. या शब्दाचं नातं 'युस्र' म्हणजे सोपेपणाशी जोडलं जातं. कष्टाशिवाय सहज हाती आलेलं, ते मैसिर.

दरम्यान १९५५ मध्ये केंद्राने बक्षीस स्पर्धांचा कायदा केला होता. महिन्याला एकूण एक हजार रुपयांपेक्षा जास्त बक्षिसं नकोत आणि दोन हजारांपेक्षा जास्त प्रवेशिका नकोत, अशा त्याच्या अटी. त्यातली व्याख्या वाचून मी थक्क झाले. अक्षरं, शब्द किंवा आकडे यांची जुळणी, मांडणी, उलटापालट यावर आधारलेलं बक्षिसाचं कोणतंही कोडं त्यात येत होतं. म्हणजे आपलं 'अक्षरं जुळवा'सुद्धा, बक्षीस ठेवलं की आत! त्याच १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या निकालात खुलासा केला, की हा कायदा जुगारी स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच आहे. ज्यात खरं कौशल्य लागतं, त्या स्पर्धा त्यात येत नाहीत.

ही रेषा वर्गात समजावायला मी तीन अक्षरं घेते : क, म, ल. यातून 'कमल' होतं आणि 'कलम'ही. प्रामाणिक कोडेकार एकतर दोन्ही उत्तरं मान्य करतो किंवा ही तीन अक्षरं देतच नाही. 'मी मनात कमल धरलं होतं' म्हणून कलमवाल्याचे पैसे खिशात घातले, की तिथे कोडं संपतं आणि जुगार सुरू होतो.

उर्दूच्या तासाला हाच खेळ वेगळा होतो. उर्दूत लेखणीच्या 'क़लम'मधला क़ाफ़ आणि 'कमल'मधला काफ़ ही दोन निराळी अक्षरं, त्यामुळे हे दोन शब्द एकमेकांतून निघतच नाहीत. उलट मीम, लाम, काफ़ याच क्रमाने लिहिले तरी ज़ेर-ज़बर नसल्याने मुल्क, मलिक, मलक, मिल्क असे चार शब्द वाचता येतात : देश, राजा, फरिश्ता आणि मालमत्ता. अक्षरं न हलवताच मुअम्मा तयार! तिथे वाक्याचा संदर्भ उत्तर देतो. मराठीत मुलं अक्षरं फिरवायला शिकतात, उर्दूत संदर्भ हेरायला.

पैसे लावून खेळायच्या मोबाइलवरच्या खेळांबद्दल पालक विचारतात, "मॅडम, त्यातही डोकं लागतं ना?" कंपन्याही वर्षानुवर्षं हेच म्हणत आल्या. २०२५ मध्ये संसदेने अशा ऑनलाइन खेळांवर बंदी घालताना कौशल्य आणि नशीब हा भेदच बाजूला ठेवला. कायदा काहीही म्हणो, मी पालकांना एकच कसोटी सांगते. उत्तर कुठे आहे ते बघा. ते खेळणाऱ्याच्या नजरेसमोर असेल, तर हरलं तरी मूल काहीतरी शिकून उठतं. ते दुसऱ्याच्या मुठीत असेल, तर जिंकलं तरी रिकामंच.

वर्तमानपत्रातल्या त्या चार ओळींत बक्षीस नसतं, फी नसते. शब्दाची सगळी अक्षरं छापलेली असतात, एकही लपवलेलं नसतं. कोडं घालणाऱ्याने फक्त त्यांचा क्रम मोडलेला असतो. तो परत लावण्याइतकी भाषा प्रत्येकाजवळ आहे, या भरवशावरच तर तो रोज कोडं घालतो.