पहिल्या महायुद्धाचे न मिटलेले हिशेब

पहिल्या महायुद्धातील तोफा ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थंडावल्या. युद्धाची भरपाई देण्यासाठी जर्मनीने काढलेल्या कर्जरोख्यांवरील व्याजाचा शेवटचा हप्ता मात्र ऑक्टोबर २०१० मध्ये चुकता झाला. सुमारे ९० लाख सैनिकांचा बळी घेणाऱ्या या युद्धाने जर्मन, रशियन, ऑटोमन आणि ऑस्ट्रिया-हंगेरी ही चार साम्राज्ये संपविली. त्यांच्या जागी काय उभे करायचे, हे विजेत्यांनी घाईने आणि बऱ्याच अंशी स्वार्थाने ठरविले.

२८ जून १९१९ च्या व्हर्साय तहाने युद्धहानीची जबाबदारी जर्मनी व तिच्या साथीदारांवर टाकली. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरला. या अटी साऱ्या युरोपलाच भोवतील, असा इशारा अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी ब्रिटिश शिष्टमंडळातून बाहेर पडून १९१९ मध्येच दिला होता. हा बोजा पेलण्याजोगा होता की नव्हता, याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. अपमानाची सल मात्र खरी होती आणि हिटलरने तिचेच भांडवल केले.

पश्चिम आशियातील वारसा अधिक चिवट ठरला. ब्रिटनने अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखविली, १९१६ मध्ये फ्रान्सशी त्याच प्रदेशाच्या वाटणीचा गुप्त करार केला आणि १९१७ मध्ये पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाला पाठिंबा जाहीर केला. मोसुल, बगदाद व बसरा हे प्रांत जोडून इराक घडविण्यात आला. कुर्दांना १९२० च्या तहात दिलेले आश्वासन १९२३ च्या तहात वगळले गेले. याच भूमीत भारतीय फौजांच्या सहाव्या पुणे डिव्हिजनने १९१४ मध्ये बसरा जिंकले होते आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे वेढ्यात उपासमार सोसून शरणागती पत्करली होती. दहा लाखांहून अधिक भारतीय या युद्धासाठी समुद्रापार गेले. त्यानंतर १९१९ मध्ये भारताच्या वाट्याला रौलट कायदा आणि जालियनवाला बाग आले.

ब्रिटनमध्ये १९१८ साली तिशीपुढील स्त्रियांना काही अटींवर मताधिकार मिळाला. पुरुषांच्या बरोबरीचा हक्क मिळण्यास १९२८ उजाडले. विचारविश्वात प्रगतीवरील एकोणिसाव्या शतकाची श्रद्धाच ढासळली. फ्रॉइड यांनी १९२० मध्ये मृत्युप्रेरणेची कल्पना मांडली. खंदकांतील जीवनाचे भेदक चित्रण करणारी एरिक मारिया रेमार्क यांची कादंबरी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली. १९३३ मध्ये नाझींनी जाळलेल्या पुस्तकांत तिचाही समावेश होता.